जोमादादाच्या टाकीतलं डिझेल

ही गोष्ट मी बायकोला सांगितलेली नाही. मित्रांनाही नाही. वाचनालयातल्या त्या मंडळींना तर नाहीच, ज्यांच्याबरोबर मी वर्षानुवर्षं जगातल्या लबाड माणसांवर बोलत आलोय. लबाडीवर बोलणं सोपं असतं — ती दुसऱ्याची असली की. आज तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट माहीत नाही. दमलोय, एवढंच म्हणता येईल. एखादी गोष्ट लपवायला ताकद फार लागते असं नाही. पण रोज लागते.

माझं गॅरेज आहे. पनवेलहून सुकापूरकडे जाताना, माथेरान रस्त्याला. ट्रक, टेम्पो, डंपर — डिझेलवर चालणारं आणि चालता चालता रुसणारं सगळं. मी बी.ए. आहे, तेही मराठी घेऊन. त्या पदवीचा इंजिनाला काही उपयोग झाला नाही आणि इंजिनाचा मराठीला. लोक मला डॉक्टर म्हणतात. कुणी प्रथम म्हटलं, आठवत नाही. मी अडवलं नाही, हे आठवतं.

हे डॉक्टरपण आलं एका लांब स्क्रू ड्रायव्हरमुळे. त्याचं टोक चालू इंजिनावर ठेवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. आतली खडखड कानात येते, हे खरं आहे. डोळे मिटायची गरज नसते, हेही खरं आहे. पण गिऱ्हाइकाला ते आवडतं. आमच्याकडे चौकाचौकात फ्लेक्स लागलेले असतात — कुणी कार्यसम्राट, कुणी दानशूर, कुणी नुसताच वाढदिवसाचा गॉगलवाला. मी त्यांना खूप हसत आलोय. माझा फ्लेक्स चौकात नव्हता, लोकांच्या तोंडात होता. त्याला महापालिकेची परवानगी लागत नाही, एवढाच फरक.

जुना ट्रक मिसिंग मारतो म्हणजे काय, ते आधी सांगितलं पाहिजे. — की मी पुन्हा वेळ काढतोय? असेल. तरी सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

सहा सिलिंडरचं इंजिन म्हणजे सहा माणसांनी मिळून वल्हवलेली होडी. एकानं वल्हं सोडलं की होडी चालते, पण लंगडत. कुणी सोडलं ते ओळखायचं कसं? प्रत्येकाला डिझेल पुरवणारी एक बारीक लोखंडी नळी असते. इंजिन चालू ठेवून एकेका नळीचा नट जरा ढिला करायचा. आवाज पडला, तर तो सिलिंडर काम करत होता. ढिला केला तरी आवाजात काहीच फरक पडला नाही, तर तो आधीच मेलेला. आणि कधी कधी असं होतं, की सहाही नट ढिले करून पाहिले तरी मेलेला सापडत नाही. आता हा चुकतो, मग तो. तेव्हा दोष त्यांच्यापैकी कुणाचा नसतो. तो मागे असतो, डिझेल येण्याच्या वाटेत. वाटेत कुठून तरी हवा शिरलेली असते.

हवा. एवढ्यानंच झालं सगळं.

बाळारामशेठ हे सुकापूरच्या पुढच्या एका गावातलं मोठं प्रस्थ. नवीन पनवेल वसलं तेव्हा त्या बाजूच्या बऱ्याच घरांच्या जमिनी गेल्या. आलेल्या पैशातून शेठच्या वडिलांनी ट्रक घेतला. गावातला पहिला. पुढे शेठकडे डंपर आले, काचा काळ्या केलेल्या गाड्या आल्या, पण त्या ट्रकचा मान गेला नाही. घरात रीतच पडली — त्या घरचा नवरा लग्नाला निघाला की याच ट्रकमध्ये उभा राहून निघणार. आणि नवऱ्याला मुंडावळ्या बांधायच्या आधी ड्रायव्हरला फेटा बांधला जायचा. धवलारीण, म्हणजे लग्नविधीची गाणी म्हणणारी बाई, ट्रकच्या पुढच्या चाकाशी उभी राहून धवला म्हणायची. त्यात देवांची नावं यायची, पूर्वजांची यायची, आणि मधेच एका ओळीत गाडीवानाचंही यायचं.

तो गाडीवान म्हणजे जोमादादा. पहिल्या दिवसापासून ट्रक त्याच्याच हातात. शेठच्या लांबच्या भावकीतला, पण भावकीतली जमीन ज्यांच्या वाट्याला आली नव्हती त्यांपैकी. त्यामुळे त्या फेट्याची किंमत त्याला जेवढी कळत होती तेवढी शेठलाही कळत नसावी. गावात त्याच्या नावावर एवढं एकच होतं. बाकी माणूस चेष्टेखोर. माझ्या टेबलावर पुस्तक दिसलं की म्हणायचा, "डाक्टर, तुमी पुस्तक वाचता, मी रस्ता वाचतो. दोघांना कोन विचारीत नाय." आणि माझ्याच स्टुलावर बसून माझाच चहा प्यायचा.

शेठच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं. मुलगी शिरढोणची. वीस-बावीस वर्षं झाली असतील. लग्नाच्या आदल्या दिवशी जोमादादा ट्रक घेऊन माझ्याकडे आला. सगळं बघा म्हणाला, नवरा उभा राहणार आहे. मी ऑईल बदललं, फिल्टर बदलले. टाकीकडून येणारी नळी जिथे पंपाला मिळते तिथली जाळी काढून धुतली. तिथे एक बोल्ट असतो आणि बोल्टाखाली तांब्याचा वॉशर — रुपयाच्या नाण्याएवढा. तो एकदा दाबला गेला की चपटा आणि कडक होतो. नवा घालायचा असतो. नवा नसेल तर जुना लाल होईस्तोवर तापवून पाण्यात बुडवायचा, की पुन्हा मऊ होतो. हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. हे माझ्याकडच्या सगळ्यांना मीच शिकवत होतो.

नवा वॉशर गॅरेजमध्ये नव्हता. स्पेअर पार्टचं दुकान चालत जाण्यासारखं होतं. मी गेलो नाही. तापवत बसलो नाही. जुनाच पुसून लावला.

का? त्या संध्याकाळी वाचनालयात व्याख्यान होतं आणि मला पुढची खुर्ची हवी होती. व्याख्यानाचा विषय — हसू नका, किंवा हसा — विवेकवाद. शकुन-अपशकुनांत समाज कसा अडकलाय, यावर वक्ता छान बोलला. मी प्रश्नसुद्धा विचारला.

ट्रक उभ्याउभ्या चालू करून पाहिला होता. ठणठणीत वाटला. हवा ओढणारी फट अशीच असते. उभ्या गाडीवर कळत नाही. वजन पडलं, खड्डे आले, तासभर तापलं, की मग ती तोंड उघडते.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड निघालं. वैशाखातली सकाळ, मुहूर्त दुपारचा. पुढे टेम्पोत बँड, मग ट्रक, त्यात फेटे आणि घाम आणि मधोमध नवरा. मागे गाड्यांची रांग. मला शेठनी ट्रकच्या मागच्याच जीपमध्ये बसवलं होतं. जीप माझीच होती, मान मात्र शेठनी दिला होता. डॉक्टर बरोबर असलेला बरा, असं ते चारचौघांत म्हणाले. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

पनवेल मागे पडलं. पळस्पे फाट्याच्या अलीकडे ट्रकनं पहिला आचका दिला. मग दुसरा. नवऱ्यानं कठडा धरला. सायलेन्सरमधून धुराचे गोळे तुटक तुटक यायला लागले — मला जीपमध्ये बसल्या बसल्या कळलं की हे एका सिलिंडरचं काम नाही. आणि हायवेच्या कडेला, नवऱ्यासकट, ट्रक बंद पडला.

नवऱ्याची गाडी वाटेत बंद पडणं म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला समजावणं अवघड आहे. बँड थांबला. ट्रकमधली धवलारीण ओळीच्या मधेच थांबली. शिरढोणला मुलीकडचे वाट पाहत होते. तिथे नुसती बातमी पोचली असती, तरी त्यांच्यातली एखादी म्हातारी म्हणाली असती की हे लग्न नको. अशी मोडलेली लग्नं त्या भागात लोकांना नावानिशी माहीत होती.

मी बॉनेट उघडलं. जोमादादानं हातपंपानं डिझेल ओढून इंजिन पुन्हा चालू केलं. ते लंगडत चालू राहिलं. मी स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला. डोळे मिटले. हो, तेव्हाही मिटले. मग एकेक नट ढिला करत गेलो. सहाही जिवंत. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल केला, आणि तिथून डिझेल यायच्या ऐवजी फेस आला. साबणाच्या पाण्यासारखा. मी हात खाली घालून टाकीकडच्या नळीचा बोल्ट चाचपला. तो बोटांनी फिरला. त्याच्याखालचा वॉशर माझ्या बोटाला लागला — मी काल लावलेला.

मला सगळं कळलं. तिथे मला एकट्यालाच कळलं.

एवढ्यात कुणी तरी त्या फेसावरून बोट फिरवून नाकाला लावलं आणि म्हणालं, रॉकेलचा वास येतोय. मग दुसऱ्यालाही आला. बघता बघता सगळ्यांना यायला लागला. त्या काळी ड्रायव्हर लोक टाकीतलं डिझेल काढून विकतात आणि वर रॉकेल भरतात, ही गोष्ट हवेतच होती. कुणी ना कुणी तसं करतही असे. सगळ्यांच्या नजरा जोमादादाकडे वळल्या. तो फेटा बांधून पुढच्या चाकाशी उभा होता.

शेठची मोठी बहीण, सगळे तिला आक्का म्हणत, गाडीतून उतरून पुढे आली. तिच्या शब्दापुढे शेठही जात नसत. तिनं जोमादादाकडे पाहिलंही नाही. मला विचारलं, "डाक्टर, गारी आपोआप बंद परली, का कुनी पारली?"

या प्रश्नात काय होतं, ते मला त्या क्षणी लख्ख दिसलं. पुस्तकं वाचल्याचा एवढा उपयोग होतो. गाडी आपोआप बंद पडली असेल, तर तो अपशकुन. मग लग्नाचं काही खरं नाही. पण कुणी पाडली असेल, तर ते एका माणसाचं पाप. त्या माणसाला बाजूला काढलं की वाट मोकळी. आक्काला दोष नको होता, माणूस हवा होता.

आणि माणूस होता ना! तिच्यासमोर उभा होता, हातात पाना घेऊन. मी म्हणालो असतो, आक्का, चूक माझी, काल वॉशर बदलला नाही — तरी लग्न लागलं असतं. वाट तेवढीच मोकळी झाली असती. फार तर शेठ चिडले असते, दोन-चार डंपर दुसऱ्या गॅरेजला गेले असते, डॉक्टर नुसता मेकॅनिक झाला असता. म्हणजे मला लग्न वाचवायचं होतं, असंही मी म्हणू शकत नाही. ते दोन्हीकडून वाचत होतं.

जोमादादा म्हणाला, "डाक्टर, तुमी बोला ना. काल तुमीच बघली ना गारी."

मी बोललो. मी म्हणालो, "डिझेल बरोबर वाटत नाही."

चार शब्द. त्यात चोरी नव्हती, रॉकेल नव्हतं, कुणाचं नाव नव्हतं. मी किती जपून बोललो होतो पाहा. शिकलेला माणूस असाच खोटं बोलतो — पुढचं काम दुसऱ्यांवर सोडून.

त्यांनी ते केलं. शेठच्या भावानं जोमादादाच्या डोक्यावरचा फेटा उतरवला. ओढून नाही, मारून नाही. दोन्ही हातांनी, जरा जपूनच, कारण तो लगेच दुसऱ्याच्या डोक्यावर चढवायचा होता. जोमादादानं हातही वर केला नाही. फेटा उतरताना माणूस जरा वाकतो ना, समोरच्याला सोपं जावं म्हणून? तसा तो वाकला.

टाकीतलं डिझेल कॅनमध्ये काढलं, पेट्रोल पंपावरून ताजं आणलं. तेवढ्या वेळात मी ट्रकखाली शिरलो, वॉशर उलटा केला, त्याला साबण चोळला आणि बोल्ट आवळला. वाटेवरची जुनी युक्ती. हवा काढली. ट्रक पहिल्या हिसक्याला चालू झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेठनी माझ्या पाठीवर थाप मारली. ताज्या डिझेलनं गाडी चालली, म्हणजे जुनं वाईट होतं — पुरावाच झाला. धवलारीण जिथे थांबली होती तिथून पुन्हा सुरू झाली. गाडीवानाची ओळ आली तेव्हा तिनं ती गाळली की नवीन माणसाचं नाव घातलं, ते मला ऐकू आलं नाही. बँड वाजत होता.

जोमादादा रस्ता ओलांडून पलीकडे गेला आणि पनवेलच्या बाजूला चालू लागला.

कॅनमधलं डिझेल शेठ म्हणाले फेकून द्या. मी जीपमध्ये टाकलं आणि घरी आणलं. पावसाळा लागेपर्यंत माझी जीप त्यावर चालली. एकदाही खोकली नाही.

काही दिवसांनी तो गॅरेजवर आला. मला वाटलं भांडेल. मी तयारीत होतो. पण तो स्टुलावर बसला आणि चहाला नको म्हणाला. त्याच्या डोक्यात भलतंच चाललं होतं. पेट्रोल पंपावरच भेसळ असेल का, असं विचारत होता. मग म्हणाला, "का झाकान उघडा रायला माझ्याकरून? पानी गेला असंल?" मी त्याच्याकडे पाहिलं नाही, हातातल्या कुठल्याशा इंजिनाच्या पंपाकडे पाहत राहिलो. लक्षात येतंय का तुमच्या? तो स्वतःत चूक शोधत होता. सापडत नव्हती म्हणून आणखी खोल शोधत होता. जसं मी इंजिनात शोधतो — फक्त मला वाटेतली हवा कुठे आहे ते माहीत होतं आणि त्याला नव्हतं.

त्याची मागणी एवढीच होती, की मी शेठकडे जाऊन म्हणावं, दोष पेट्रोल पंपाचा असू शकतो. खरं बोला, असंही तो म्हणत नव्हता. मोठ्या खोट्याच्या जागी एक लहान खोटं मागत होता.

मी म्हणालो, "बघतो."

मराठीत हा शब्द कुणी काढला असेल? बघतो म्हणणारा माणूस कधी काही बघत नाही. मी शेठकडे कितीदा तरी गेलो, कामाला, गणपतीला, बारशाला. विषय निघाला नाही. मी काढला नाही.

गावानं त्याचं नाव रॉकेल ठेवलं. आमच्याकडे नाव ठेवायला वेळ लागत नाही आणि ठेवलेलं कुणी काढत नाही. दुकानात गेला की, आला रॉकेल. लग्नात पंगतीला बसला की, दिवा लांब ठेवा रे. पुन्हा कुणी त्याच्या हातात किल्ली दिली नाही. नवीन पनवेलच्या एका सोसायटीत तो गेटवर बसायला लागला. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना दांडी वर करायची, खाली करायची. एकदा माझ्याच गॅरेजमध्ये कुणी तरी म्हणालं, काडी पेटवू नको, रॉकेल येतोय. सगळे हसले. मी हसलो. मोठ्यानं नाही. पण हसलो — हेही मला आज लपवायचं नाही.

वर्षं गेली. विष पातळ होतं तसं ते नाव पातळ झालं. नवी पोरं त्याला रॉकेलदादा म्हणू लागली, आदरानं. तो त्या नावाला ओ देऊ लागला. मी हे पाहत होतो आणि मनाशी म्हणत होतो, बघ, सगळं मिटलं. माणूस आपल्या नावाला हाक आली की वळतो, यावरून ते नाव त्याला मान्य आहे, असं मी ठरवून टाकलं. सोयीचं होतं.

जोमादादा गेला, त्याला आता दीड-दोन वर्षं झाली. तो गेल्यावर काही महिन्यांनी त्याचा नातू निलेश एक जुना ट्रक घेऊन माझ्याकडे आला. निलेशचे वडील लवकर गेलेले. त्याला आजोबांनीच वाढवलं. आता हा पोरगा सत्ताविशीचा, रेती-विटांच्या फेऱ्या मारतो. जुना ट्रक घेऊ नको असं सगळ्यांनी सांगितलं होतं, पण त्याला आजोबा चालवायचे तसलाच हवा होता. ट्रक मिसिंग मारत होता. मी नट ढिले करत गेलो. तिसऱ्याला आवाजात फरक पडला नाही. सोपं काम. त्याचा इंजेक्टर बदलला. वॉशर नवे घातले. त्या लग्नानंतर मी जुना वॉशर कधी लावलेला नाही, ही माझी एकूण सुधारणा.

ट्रकच्या मागे गेलो तर फळीवर रंगवलेलं होतं — रॉकेलदादांचा आशीर्वाद. अक्षरं सुंदर होती. दोन्ही बाजूंना फूल.

"काका, आजोबांना रॉकेल का म्हणायचे हो?" निलेशनं विचारलं. "आजीला विचारलं की ती उठून जाते. गावात जो तो हसतो. तुम्ही त्यांचे जुने दोस्त ना?"

इथे हे खोटं थांबायला हवं होतं. गॅरेजमध्ये दुसरं कुणी नव्हतं. शेठ वारले होते, आक्का वारली होती, मला आता कुणाच्या डंपरची गरज नव्हती. मी म्हातारा झालोय, मला भीती कशाची उरली होती? मी तोंड उघडलं. मला खरंच वाटलं की मी आता सांगणार.

मी म्हणालो, "पूर्वी गावात लाइट फार जायची. रॉकेल मिळायचं नाही. तुझे आजोबा ट्रकवरून आणायचे आणि ज्याच्या घरी दिवा नसेल त्याला द्यायचे. पैसे घ्यायचे नाहीत."

आधीचं खोटं चार शब्दांत आटपलं होतं. हे चांगलं लांबलं. भाषेवर प्रभुत्व आहे ना. पोराचे डोळे भरून आले. तो वाकून माझ्या पाया पडला, आणि मी पडू दिलं.

वर्षश्राद्धाला त्याच्या मित्रमंडळानं कार्यक्रम ठेवला. चौकात फ्लेक्स लागला — अंधारात गावाला उजेड देणारे, कैलासवासी जोमा उर्फ रॉकेलदादा. फोटोतला जोमादादा फेटा बांधलेला होता. बहुधा कुठल्या तरी जुन्या लग्नातला. खाली शुभेच्छुकांसारखी दुःखितांची रांग, त्यात माझंही नाव, मागे डॉक्टर लावून. त्या दिवशी ट्रकमध्ये उभा असलेला नवरा आता स्वतः शेठ झालाय. त्यानं भाषण केलं. म्हणाला, आमच्याही घरी रॉकेलदादा रॉकेल आणून द्यायचे, मला लहानपणचं आठवतं. त्याच्या चेहऱ्यावरून सांगतो, तो खोटं बोलत नव्हता. त्याला ते खरोखर आठवत होतं.

मग मला व्यासपीठावर बोलावलं. शाल, श्रीफळ. शाल-श्रीफळावर मी आयुष्यभर विनोद केलेत. खांद्यावर पडल्यावर कळलं, शाल ऊबदार असते. मीही चार वाक्यं बोललो. टाळ्या पडल्या.

उतरताना हिराबाय, जोमादादाची बायको, खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेत बसलेली दिसली. टाळता आलं नाही. मी वहिनी म्हणून नमस्कार केला. तिनं पदर सावरला आणि आवाज न चढवता म्हणाली, "चांगला बोललात, डाक्टर. पन टाकीत रॉकेल नवता हो."

ती मला जाब विचारत नव्हती. तिला माझ्या वॉशरबद्दल काही माहीत नाही; आजही नाही. एवढी वर्षं ती हे ज्याला त्याला सांगत आली असणार, आणि ऐकणारा प्रत्येक जण हसला असणार. त्या दिवशी तिनं मला सांगितलं. मी एकटाच होतो जो म्हणू शकत होतो — हो वहिनी, नव्हतं.

मी म्हणालो, "जाऊ द्या आता, वहिनी. झालं ते झालं."

ती "हां" म्हणाली आणि लोकांच्या चहाचे कप गोळा करायला उठली.

रॉकेल नव्हतं. साधं, स्वच्छ डिझेल होतं. ते माझ्या जीपमध्ये जळलं. वॉशर मी बदलला नव्हता. आक्कानं विचारलं तेव्हा मला माहीत होतं, जोमादादानं विचारलं तेव्हा माहीत होतं, निलेशनं विचारलं तेव्हा माहीत होतं, आणि हिराबायनं तर विचारलंही नव्हतं.

शाल कपाटात आहे. निलेशचा ट्रक अजून माझ्याकडेच येतो. मागच्या अक्षरांना त्यानं परवाच नवा रंग दिला. हिराबाय जोमादादाच्याच घरी राहते. तिचं घर माझ्या गॅरेजपासून चालत जाण्यासारखं आहे.